वन्सं आणि त्यांची आतली मंडळी

आमच्या वन्संबरोबर एका घरात राहायचं तर माणसाकडे दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे जाड कातडी, आणि दुसरी ती कातडी धुवायला भरपूर साबण. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे दोन्ही नव्हतं. कातडी मी हळूहळू कमावली, साबण त्या पुरवत आल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. त्यांच्या हॉस्पिटलात एक एक्स-रेवाला होता, सरळ, कामसू माणूस. त्याचा जीव होता म्हणे यांच्यावर. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं हात न धुता यांच्या डब्यातला घास उचलला आणि प्रकरण तिथेच संपलं. ही हकिगत त्या स्वतःच सांगतात, आणि ज्या सुरात सांगतात त्यावरून आपलं काही चुकलं असं त्यांना अजूनही वाटत नाही हे ऐकणाऱ्याला कळतं.

नोकरी हॉस्पिटलच्या तळघरात. ऑपरेशनची हत्यारं, गाऊन, कापसाचे बोळे, सगळं वाफेवर निर्जंतुक करायची खोली यांच्या ताब्यात. मी ती खोली एकदाच पाहिली, त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी. खिडकी नाही. भिंतीत बसवलेले मोठे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या बंद टाक्या, त्यांच्या दारांना फिरवून घट्ट करायची चाकं, आणि कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा दबलेला फुस्कार सतत. एका बाजूनं वापरलेली हत्यारं यायची, दुसऱ्या बाजूनं हिरव्या कापडात बांधलेली पुडकी वर जायची, आणि मध्ये फरशीवर लाल पट्टा आखलेला. मळक्या बाजूच्या माणसानं चुकून त्या पट्ट्यावर पाय ठेवला तर वन्सं नुसत्या बघायच्या. तो आपला आपण मागे सरायचा. प्रत्येक पुडक्यावर एक चिकटपट्टी असते. वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या आणि पुडकं कोरडं ठणठणीत निघालं, तरच ते ऑपरेशन थिएटरात जाणार. एक कोपरा जरी दमट लागला तर अख्खी खेप पुन्हा आत. मग वर कोणी कितीही ताटकळो. हॉस्पिटलात सगळे त्यांना वाफबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात.

तिथे हे सगळं ठीकच होतं. त्यांच्या हातून गेलेल्या हत्यारानं कोणाला काही झालं नाही, हे मी कोणापुढेही कबूल करीन. पण बाईंनी निवृत्त होताना ते तळघर घरी आणलं. घरात चमचे रोज उकळतात. दारांच्या कड्या रोज पुसल्या जातात. द्राक्षं आणली की आधी जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडतात, मग साध्या पाण्यात, मग वाळतात, आणि तोवर ती खायची कोणाला इच्छा उरलेली नसते. मी घरी बसून शाळांचे गणवेश शिवते. माझी खोली म्हणजे त्यांच्या लेखी लाल पट्ट्याची मळकी बाजू. एकदा मी बाजारात गेलेली असताना त्यांनी माझी कापडाची कात्री उकळली. कात्रीच! मधल्या खिळ्याला गंज चढला आणि धार गेली ती गेलीच.

"वन्सं, ही कात्री कापडाला लावते मी, कोणाच्या पोटाला नाही," मी म्हटलं.

"पोरं ते कपडे अंगावरच घालतात ना?" त्या म्हणाल्या.

मी कात्री घेऊन तडक नवऱ्याकडे गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना हे दिसतं का, आता दिसतं का असं विचारत बसतात. घरातलं मात्र त्यांना काही दिसत नाही. म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे."

गोळ्यांचं तर विचारूच नका. घरात कोणी शिंकलं की वन्सं कपाटातला डबा उघडायच्या. स्वतःला जरा घसा खवखवला की लगेच अँटिबायोटिक सुरू. बरं, अर्धवट नाही हां. कोर्स सुरू केला की शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण, आणि तोंडावर एक समाधान, कपाट आवरल्यावर येतं तसलं. हॉस्पिटलासमोरचा औषधवाला त्यांना इतकी वर्षं ओळखतो की चिठ्ठी मागायची त्याची टाप नाही. डॉक्टर लिहून देतात ती औषधं आणि वन्सं सांगतात ती औषधं, त्याला दोन्ही सारखीच.

अशा बाईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. आणि तो कळला कसा? तर कळलाच नाही कितीतरी दिवस, कारण त्यांनी सांगितलंच नाही. जिला शेजारच्या खोलीतून फरशीवरचा डाग दिसतो, तिला रोज शौचाला रक्त दिसत होतं आणि ती मूळव्याध, मूळव्याध म्हणून स्वतःची समजूत घालत होती. का, तर तपासणीत नळी घालतात, ती नळी कोणी धुतली असेल कोण जाणे! मला कळलं तेव्हा मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. दुसऱ्या दिवशी हाताला धरून घेऊन गेले त्यांना.

ऑपरेशन झालं. आतड्यातली गाठ काढली. पण तिची एक पोर यकृतात जाऊन बसली होती, तिथे सुरी चालवण्यासारखी जागा नव्हती. कॅन्सरच्या डॉक्टर वयानं लहान, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, पण समजावून सांगायला बसल्या की घड्याळाकडे न बघणाऱ्या. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"मावशी, तुमची गाठ ज्या प्रकारची आहे, त्या प्रकाराला एक वेगळं औषध लागू पडू शकतं. ते स्वतः गाठीला मारत नाही. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. गाठीनं त्यांना दाबून ठेवलंय. औषध तो दाब काढतं. पुढचं काम त्या पेशींचं."

"पटलं," वन्सं म्हणाल्या. त्यांना कामाची वाटणी स्पष्ट असलेली आवडते.

"पण त्या पेशी तयारीत हव्यात. आणि त्यांना तयारीत ठेवण्यात आतड्यातल्या जंतूंचा मोठा वाटा असतो."

"कोणाचा?"

"जंतूंचा. आतड्यात अब्जावधी असतात, नाना जातींचे. आपण भाज्या, कडधान्यं खातो, त्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते खातात, आणि त्यातून जे बनवतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं, या पेशींनाही त्याचा उपयोग होतो. शिवाय जंतू सतत शेजारी असल्यामुळे पेशी झोपी जात नाहीत. पोटात जंतूंच्या जाती जास्त असतील तर हे औषध जास्त चांगलं लागू पडतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सगळेच चांगले असतात असंही नाही. काही जंतू उलट गाठीला पाठीशी घालतात. कोणता जंतू नेमका काय करतो, ते अजून पूर्ण कळलेलं नाही."

"मग वाईट तेवढे मारून टाका."

"तसे निवडून मारता येत नाहीत ना. अँटिबायोटिक दिलं की बऱ्या-वाईटाचा सगळा गावच उठतो. म्हणून मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही. आणि बाजारात जंतूंच्या कॅप्सूल मिळतात, त्याही मनानं घ्यायच्या नाहीत. तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य, फळं खा."

वन्संचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्या तळघरात कोणी चिखलाचे बूट घालून शिरलंय. "म्हणजे मी पोट घाण ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. तिथेच चुकलं त्यांचं. वन्सं पुढे नुसती मान हलवत राहिल्या, आणि आम्हाला वाटलं, समजलं बाईंना.

कसलं समजलंय! त्या औषधाच्या पहिल्या सलाइनच्या दिवशी आम्ही वेळेवर हजर. वन्सं कडक इस्त्रीच्या कपड्यात, केस चापून बसवलेले. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप आला होता का, जुलाब झाले का, मधल्या काळात काही औषध घेतलं का.

"घेतलं," वन्सं ताठ बसून म्हणाल्या. "कोर्स पूर्ण केला. कालच संपला."

"कसला कोर्स?"

"अँटिबायोटिकचा. चांगल्यातला घेतला. पोट एकदम साफ करून आणलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं छताकडे.

"मावशी, मी नको म्हटलं होतं ना?"

"औषध चालू असताना नको म्हणालात. ते आज चालू होतंय. त्याच्या आधी साफसफाई नको? ऑपरेशनला ट्रे पाठवायचा तर आम्ही तो काय तसाच उचलून पाठवतो?"

आणि हे सांगताना त्यांच्या तोंडावर अशी अपेक्षा होती की आता शाबासकी मिळणार. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. बाईंनी हे लपूनछपून, हट्टानं केलं नव्हतं. जन्मभर जे काम करून माणसं वाचवली, तेच काम त्यांनी या वेळी स्वतःच्या पोटावर केलं होतं. ट्रे तयार करतात तशी त्यांनी स्वतःची तयारी केली होती. मला एकाच वेळी त्यांना हलवून जागं करावंसं वाटत होतं आणि जवळ घ्यावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. आता सुरू केलं तर औषध ज्या पेशींना मोकळं करणार, त्यांना पोटातली मदत कमी पडेल की काय, अशी शंका. जंतू परत वाढेपर्यंत थांबलं, तर गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही. आणि थांबण्यानं नक्की फायदा होतो असंही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"मग करायचं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या, आणि सुरू केलं.

वन्संना सलाइन लागली. बाटलीतून थेंब पडत होते त्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तरी अक्कल आली. घरी आल्यावर मी नवऱ्यापुढे सगळं ओकले. इतकी शिकलीसवरलेली, हॉस्पिटलात आयुष्य गेलेलं, आणि सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणजे काय?

"तिचा हेतू चांगला होता गं," ते म्हणाले.

"हेतू घेऊन काय चाटायचाय?" मी म्हटलं. भिंतीपलीकडे वन्संची खोली. त्यांनी ऐकलं असणार, कारण संध्याकाळी चमचे उकळल्याचा आवाज आला नाही.

काही सलाइनी झाल्यावर पहिलं स्कॅन झालं. गाठ होती तेवढीच. वाढली नव्हती, पण कमीही झाली नव्हती.

"माझ्या गोळ्यांमुळे?" वन्संनी विचारलं.

"सांगता येत नाही, मावशी. काहींना औषध उशिरा लागू पडतं. काहींना पडतच नाही."

"पण माझ्या गोळ्यांमुळे का?"

"खरंच सांगता येत नाही."

"अंदाजानं सांगा की!"

डॉक्टरांनी अंदाजही सांगितला नाही. बरोबरच होतं त्यांचं, पण मला वाटलं, सांगून टाकावं काहीतरी खोटं, निदान बाई झोपतील. वन्संना चिकटपट्टीवरच्या रेघांची सवय. झालं की नाही झालं, बस. इथे पट्टीच नव्हती. त्या पुढे कितीतरी दिवस घरात भुतासारख्या फिरल्या. कडी पुसायला घेत आणि फडकं हातात धरून तशाच उभ्या राहत. मी माझ्या खोलीत चिंध्या मुद्दाम पसरून ठेवून पाहिल्या, रागवायला तरी येतील म्हणून. आल्या नाहीत.

आणि मग एक दिवस वारं फिरलं. ते असं फिरलं की आधीचं बरं होतं म्हणायची पाळी आली. बाजारातून वन्सं दोन पिशव्या भरून आल्या. कोबी, गाजर, बीट, घेवडा, वाटाणे, सालासकट डाळी, जव, कोंडा, जवस, आणि एक कसलं तरी कंदमूळ, ज्याचं नाव विकणारीलाही माहीत नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"आतल्या मंडळींना," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात आम्ही तिघं आणि ही आतली मंडळी. मंडळींना रोज तेच तेच चालत नाही. मंडळींना चोथा आवडतो, म्हणून भाजी गाळायची नाही, सालं काढायची नाहीत. मंडळींना काल जव दिले, आज डाळ द्यायला हवी. सकाळी पोट गुरगुरलं की वन्सं पोटावर हात ठेवून कान देत आणि म्हणत, "कामाला लागले." माझा नवरा बिचारा, त्याला साधी बटाट्याची भाजी मिळेना. एकदा मी चुकून गाजरं सोलली तर वन्सं म्हणाल्या, "त्यांच्या तोंडचा घास काढलास."

"वन्सं, काल-परवापर्यंत तुम्ही यांना उकळत होतात!"

"ते बाहेरचे. हे घरचे."

चमचे उकळणं पुन्हा सुरू झालं होतंच. म्हणजे बाहेरच्या जंतूंची कत्तल आणि आतल्यांचे लाड, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, आणि मधल्या मधे भांडी घासून माझी कंबर मोडायची वेळ. वैतागले होते मी. पण बाई जेवत होती, रंग जरा परत आला होता, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर एका दुपारी मी गणवेशाच्या कॉलर लावत होते. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आणि वन्सं स्वेटर घालून पाणी प्यायला आल्या. ग्लास ओठाला लावला तर दात काचेवर वाजले. मी उठून मानेला हात लावला. तव्याला लागावा तसा चटका बसला.

"कधीपासून आहे हा ताप?"

"कुठे काय, जरा कणकण आहे."

त्यांच्या उशीखाली थर्मामीटर सापडलं. म्हणजे माहीत होतं बाईंना. आदल्या दिवसापासून अंगात ताप घेऊन, लघवीला आग होत असताना, जव शिजवत होत्या! मी दुकानात फोन केला, नवरा टॅक्सी घेऊनच आला, आणि आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाला होता आणि तो रक्तात उतरायच्या बेतात होता. डॉक्टर धावत आल्या, चष्मा सावरत म्हणाल्या, ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं.

"नको," वन्सं म्हणाल्या.

आधी वाटलं, तापात बरळतायत. पण त्यांचे डोळे स्वच्छ होते. हात त्यांनी पांघरुणाखाली घट्ट धरून ठेवला होता.

"मावशी, गरज नसताना घेऊ नका म्हटलं होतं मी. आता गरज आहे. हे नाही घेतलं तर जिवावर बेतेल."

"एकदा मी त्यांना मारलं. आता कुठे परत आलेत. पुन्हा मारू?"

"ताई, जरा ऐक—" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

माझ्या डोक्यात सणक गेली. "वन्सं, तुम्ही मेलात तर त्या मंडळींनी राहायचं कुठे? माझ्याकडे जागा नाही त्यांना."

सुई घेऊन उभी असलेली सिस्टर खोकल्याचं निमित्त करून पाठमोरी झाली. वन्सं हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "तुला नाही कळायचं. गाठ कमी झाली नाही ती माझ्यामुळे. कोणी सांगत नाही, पण मला माहीत आहे. इतकी वर्षं काम केलं, माझ्या हातून कोणाचं वाईट झालं नाही. माझं स्वतःचंच केलं मी. आता जे व्हायचं ते होऊ दे, पण त्यात माझा हात नको."

म्हणजे हे होतं इतके दिवस आत. आणि मी समजत होते की बाई नव्या खुळात रमली आहे. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी जास्तच चिडते.

"तुमचा हात नसला म्हणजे झालं?" मी ओरडले. कोण ऐकतंय याची मला पर्वा नव्हती. "आणि आम्ही काय करायचं? तुमच्या हातून काही चुकलं नाही म्हणून समाधान मानून बसायचं का घरात? मला तुम्ही निर्दोष नकोत, वन्सं. मला तुम्ही घरी हव्यात. चुका करा, खवचट बोला, माझ्या सगळ्या कात्र्या उकळा, पण घरी या!"

 नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. वन्संनी माझ्याकडे नीट बघितलं. मग डॉक्टरांकडे वळल्या.

"हे दिल्यावर ते परत येतात का?"

"बरेच येतात. वेळ लागतो. सगळेच्या सगळे येतील असं मी नाही सांगू शकत."

"आणि सलाइनमधलं औषध? ते पुन्हा लागू पडेल?"

"तेही नाही सांगू शकत, मावशी."

वन्संनी पांघरुणाखालचा हात बाहेर काढला, बाही वर केली आणि तो सिस्टरपुढे धरला. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा फिरवून सुई उचलली, तशा त्या खेकसल्या, "वाळू दे आधी ते. ओल्यावर सुई घालतात का?"

सिस्टर थांबली. स्पिरिट वाळलं. मग सुई गेली.

ताप उतरायला काही दिवस गेले. अशक्तपणा इतका आला की वन्संना उठून बसवावं लागे. त्या घरी आल्यावर जव, घेवडा, कंदमूळ सगळं पुन्हा सुरू झालं, पण आता ते मी शिजवत होते, शिव्या घालत. थांबलेल्या सलाइनी पुन्हा चालू झाल्या. त्यानंतरचं स्कॅन परवा झालं. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावलं. यकृतातली गाठ निम्म्याहून लहान झाली होती.

माझ्या नवऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. वन्सं मात्र चित्राकडे रोखून बघत होत्या.

"म्हणजे माझ्या गोळ्यांनी काही बिघडलं नव्हतं?"

"माहीत नाही. त्या घेतल्या नसत्या तर कदाचित लवकर कमी झाली असती. कदाचित नसती."

"आणि दुसऱ्यांदा घेतलं त्यानं?"

"तेही माहीत नाही. आता ती कमी होतेय, एवढं माहीत आहे."

मला वाटलं, आता बाई पुन्हा हट्टाला पेटणार, अंदाज मागणार. पण त्यांनी मान डोलावली आणि उठल्या. नवरा दुकानात गेला, आम्ही दोघी बसनं निघालो. बसायला जागा मिळाली, त्या खिडकीपाशी, मी कडेला. बस सुटली.

"म्हणजे नक्की काय ते कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी गेले असते ना त्या तापात, तर तू पहिल्याच आठवड्यात त्या घराचा उकिरडा केला असतास."

"पहिल्याच दिवशी," मी म्हटलं.

"माहीत होतं मला. म्हणून तर हात पुढे केला."

मी डोळे पुसायला हात वर नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "बसच्या दांडीला लावलेला हात आहे तो, डोळ्यांना लावू नकोस," म्हणाल्या, आणि पर्समधून घडी केलेला आपला रुमाल काढून त्यांनीच माझे डोळे पुसले.